शहारा जुळत नाही

१४ मार्च २०७१ रोजी सकाळी अकरा चाळीसला मिरजेचा लिफ्ट-मेकॅनिक सुधन्वा कासार कायद्याने उरला नाही, आणि त्याची बायको सुधन्वा कासार झाली. पण तसं काही घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. कार्यालयही तसंच धरून चाललं आहे; त्यांच्या नोंदीत सुधन्वा कासार हजर आहे.

तर सव्वाअकराला सुधन्वा ओळख-पडताळणी कार्यालयात यंत्राखाली डावा हात पालथा ठेवून बसला होता. शेजारी बायको रोहिणी, मांडीवर डबा घेऊन. कार्यालयाचे हेडफोन चोरीला गेल्यामुळे पडताळणीचं गाणं स्पीकरवर लागायचं, म्हणून रांगेतले लोक कानात कापूस घालून उभे होते.

बोटांचे ठसे रबरात निघायला लागले, चेहरे कॉम्प्युटरवर बनायला लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाची मुद्दाम करता न येणारी एक गोष्ट शोधली: शहारा. आवडत्या गाण्यातली आवडती जागा आली की मेंदूत डोपामिन सुटतं आणि हातावरचे केस उभे राहतात. कुठला आधी, कुठला मागून, हे कातडी ठरवत नाही. त्या गाण्याभोवती साठलेल्या आठवणी ठरवतात, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. हा झाला शहारा-ठसा. अठराव्या वर्षी तो ज्या गाण्यावर घेतला जातो, ते तुमचं मूळगाणं. दर दहा वर्षांनी त्याच गाण्यावर शहारून दाखवायचं, नाहीतर नाव रद्द.

सुधन्वाचं मूळगाणं 'पोलादी पाल' या सांगलीच्या मेटल बँडचं. तिसऱ्या मिनिटाला सगळी वाद्यं अचानक थांबतात आणि गायक एकदा खोकतो. अठराव्या वर्षी त्या खोकल्यावर सुधन्वाचा हात बाभळीसारखा झाला होता. आज पोळपाटासारखा होता.

"आवडत नाही का आता?" डॉ. अरुंधती माईणकरांनी विचारलं. शहारा-ठशाची पद्धत बसवणाऱ्यांपैकी त्या एक.

"आवडतं की. पण घरच्या माणसासारखं. घरच्या माणसाला बघून कोण शहारतं?"

"ऐकतेय मी," रोहिणी म्हणाली.

"दुसरं काही ऐकता का?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"लिफ्टच्या छतावर बसून सगळंच. आमच्या गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या एक बाई भूप गातात. गंधारावर येऊन थांबतात, पुढचा स्वर दारात उभा असला तरी यांना घाई नाही. मग लग्नातली हलगी. ती पोटात वाजते, कानाला नंतर कळतं. एक कव्वाली आहे, तिच्यातल्या नुसत्या टाळ्याही पुरतात. आणि कोकणातली बेंजो पार्टी. सूर चुकला की तोच जास्त जोरात वाजवतात. माघार नाही."

"तिथेच घोटाळा झालाय. प्रत्येक नवं गाणं जुन्या शहाऱ्याची वाट थोडी मोडतं. म्हणून तर लोक कानबंदी पाळतात, मूळगाण्याशिवाय काही ऐकत नाहीत. पण उपाय आहे. रुचिशुद्धी. बाकीच्या गाण्यांचे माग मेंदूतून पुसायचे. चौदा मिनिटं, दुखत नाही."

"मग भूप?"

"ऐकू येईल. कुणीतरी बाई गातायत, एवढं कळेल."

"करून टाक रे सुध्या," रोहिणी म्हणाली. "नाव तरी राहील."

"यांना अठरा वर्षांचा सुधन्वा हवाय. तो गाढव होता गं. आख्ख्या जन्मासाठी मला एका खोकल्यावर नोंदवून मोकळा झाला. नाही करणार. पुन्हा लावा ते गाणं, नाहीतर रद्द करा नाव."

गाणं पुन्हा लागलं. रोहिणी यंत्राखाली घरंगळलेलं डब्याचं झाकण उचलायला वाकली. वाद्यं थांबली. गायक खोकला. यंत्र म्हणालं, "सुधन्वा कासार, हजर."

सुधन्वाचा हात सपाट होता. झाकण धरलेला रोहिणीचा हात मनगटापासून तिरका, कोपराकडे चढत, शहारून उठला होता.

"माझा काही संबंध नाही," रोहिणी म्हणाली. "सतरा वर्षं 'बंद कर ते' म्हणतेय मी."

"बंद केलं का त्यांनी?"

"छे!"

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाल्या. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. "ते बदलत गेले. सतरा वर्षं ते गाणं ऐकून ऐकून अठरा वर्षांचे ते तुमच्याकडे राहिले. नियमाप्रमाणे सुधन्वा कासार आता तुम्ही."

सुधन्वा तिच्या हाताकडे बघत राहिला. हा तिरका चढ त्याच्या ओळखीचा होता; अठराव्या वर्षी तो त्याच्याच हातावर उठला होता. स्पीकर बंद होता, तरी त्याच्या पालथ्या हातावरचे केस एकदम उभे राहिले.

"अनोळखी व्यक्ती," यंत्र म्हणालं.

नाव नसलेल्या माणसाला नियमाने एकच गोष्ट करता येते: अर्ज. सुधन्वाने फोनवर हलगी लावली, पूर्ण आवाजात. रांगेने कापूस आणखी आत ढकलला. त्या ठेक्यावर त्याने लिहिलं:

"प्रति, मा. ओळख अधिकारी.

विषय: एकाच हातावर अनेक इसम नोंदवून मिळणेबाबत.

महोदया, अर्जदारास नाव नाही. तरी भूपाला शहारणारा एक, हलगीला एक, कव्वालीला एक व बेंजोला एक, असे चार इसम सदर हातावर स्वतंत्र नोंदवावेत. अद्याप न ऐकलेल्या गाण्यांसाठी पुरेशी जागा कोरी ठेवावी. तसेच या सर्वांस सुधन्वा कासार (सौ.) यांच्या घरी कायम राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

सहीच्या जागी शहारा जोडला आहे. तो कोणत्याही गाण्याशी पडताळू नये."