घंटा न वाजवणारी साय

चंद्रावरच्या ठाण्यात सुमेधा खांबेटेंनी जाळगाळणीचं झाकण उघडलं आणि त्या झटकन मागे सरकल्या. जाळीवर करडी, बुळबुळीत साय साचली होती. नासक्या दुधाचा वास भपकन नाकात शिरला. संडास-मोरीचं सगळं पाणी इथूनच गाळून पिण्याच्या टाकीत जाई.

"वर्षभरात घंटा एकदाही वाजली नाही हो!" यंत्रं सांभाळणारे गोवेकर नाक दाबून म्हणाले.

"तेच तर! जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब, यांतला फरक म्हणजे दाबघट. अर्धी भोकं बुजली की उरलेल्यांतून पाणी दुप्पट वेगानं घुसतं, दाबघट चौपट होते. एवढ्या घाणीत घंटेनं ठणाणा करायला हवा."

त्यांनी भिंग लावलं. सायीनं जाळीच्या तारा खाऊन ठिकठिकाणी भोकं रुंद केली होती. दाबघटीचा काटा घंटेच्या खुणेखाली मुकाट बसला होता.

"हुशार दिसतेय!" गोवेकर म्हणाले.

"हुशार कसली मेली! सुरुवातीला घंटा वाजली की उकळता फवारा सुटायचा. वाट अडवणारी साय धुतली गेली. वाट देऊन गप्प बसणारी तेवढी उरली, माजली. आपणच निवडून पोसली तिला."

"आणि भोकांतून?"

"तिचे गोळे. थेट टाकीत."

गोवेकरांचा चेहरा पिवळा पडला. "सकाळी कीर्तनानंतर बुवांनी तीर्थ दिलं, बाई... मी दोनदा हात पुढे केला."

"मीसुद्धा घेतलं. हात डोक्यालाही पुसला." सुमेधाबाईंनी तोच तळवा खसाखसा पदराला घासला.

इतक्यात ठाण्याचे डॉक्टर शेजवळ हसत आत आले. "बाई, संध्याकाळी यान सुटतंय, लेक वाट बघत असेल. सामान बांधा! सगळ्यांना तपासलं, सगळे ठणठणीत."

"पोटाची तक्रार?"

"सुरुवातीला होती. कळ आली की मी जुलाबाचं औषध द्यायचो, आतडं स्वच्छ! आता वर्ष झालं, एकाचीही नाही."

गोवेकरांनी आधी मुकाट काट्याकडे, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

सुमेधाबाईंनी यानतळाला फोन लावला. लेकीचं बोबडं 'कधी येशील?' कानात घुमत होतं. "दारं बंद करा," त्या म्हणाल्या. "कुणीही घरी जायचं नाही. मीही नाही."

मग त्यांनी पोटावर हात ठेवला. आत अगदी स्वस्थ होतं.