करंजबेट कोण खातंय?

“पाण्यात सुतक नसतं!” कान्हानं छाती ठोकून सांगितलं.

“तुला कोणी सांगितलं रे?” कमळनं विचारलं.

“सांगायला कशाला पाहिजे? मासे कधी सुतक पाळतात का?”

जैतू हसला नाही. एरवी कान्हाच्या असल्या बोलण्यावर तो पोट धरून हसायचा. पण आज तो नदीकाठी उकिडवा बसून समोरच्या करंजबेटाकडे नुसता बघत होता. त्याची धाकटी बहीण हिरी त्याच्या शेजारी बसून मनगटातलं एकुलतं एक हिरवं काकण फिरवत होती.

कमळ आणि कान्हा ही शहापूरची भावंडं. नाताळच्या सुट्टीत ती शेणव्याकडच्या आपल्या मामाच्या गावी आली होती. दरवर्षी यायची आणि दरवर्षी जैतू-हिरीबरोबर बेटावर हुंदडायची. नदीच्या मधोमध, दोन धारांमध्ये बसलेलं ते एवढंसं बेट! चार झोपड्या, एक विहीर, आणि मागच्या टोकाला देवीची राई. राईतले करंज इतके जुने, की ते कोणी लावले हे जैतूचा आजा चांगो यालाही माहीत नव्हतं.

पण एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात वादळ आलं आणि सगळं होत्याचं नव्हतं झालं. झोपड्यांची छपरं उडाली, विहीर पाल्यापाचोळ्यानं भरली, कापणीला आलेलं भात चिखलात लोळलं. राईतले करंजही धडाधड पडले. एकच म्हातारा करंज काय तो उभा राहिला. बेटावरची माणसं मामाच्या गोठ्यात राहायला आली ती अजून तिथंच होती.

“वादळ गेलं, तरी बेट तुटतंच आहे,” जैतू मघाशी म्हणाला होता. “राईला लागून असलेल्या जनाकाकीच्या झोपडीची जागा परवा घसरली. ती तर पोरं घेऊन गेली पण डोंगरावर. आजा म्हणतो, देवीलाच आमी नको आहोत. पौषाच्या पुनवेला म्हसा गावात जत्रा भरते, तिथं बैल विकायचे आणि आमीपण डोंगरावर जायचं.”

“बैल विकायचे? ढवळ्या-पवळ्या?” कान्हाचा चेहराच उतरला.

“मग काय करायचं? तिथं भाताचं खाचर आहे कुठं, बैल ठेवून करायचं काय?”

कमळ मघापासून नदीकडे बघत होती. आता ती म्हणाली, “मला एक कळत नाही. आता पाणी गुडघाभर. धार ही एवढीशी. एवढ्याशा पाण्यानं बेट तुटतं कसं?”

खरंच की! हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठी माणसं एकदा “देवीची मर्जी” म्हणाली, की पुढं विचार करायचं काम उरत नाही, नाही का?

“चला, राईत जाऊन बघू!” कान्हा उठला.

“नाय रे नाय!” हिरी ओरडली. “राईतलं झाड पडलं, तर पौषाच्या पुनवेपर्यंत तिथं पाय ठेवायचा नसतो. राईला सुतक असतं. घरातलं माणूस गेल्यासारखं.”

आणि म्हणूनच कान्हानं माशांचा तो अजब दाखला दिला होता! हिरीला ते पटलं. मग तिनं परकर खोचला.

“पाण्यातूनच जायचं. काठाला पाय लावायचा नाय.”

“नाही लावणार!”

पाणी असलं गार होतं, की कान्हाचे दात वाजायला लागले. बेटाला वळसा घालून चौघं मागच्या टोकाला आली. आडव्या पडलेल्या करंजांच्या फांद्यांनी काठ झाकून गेला होता. कमळनं फांदी बाजूला केली आणि ती जागच्या जागी थांबली. काठ आतून पोखरलेला होता. वर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या करंजाची मुळं हवेत लोंबत होती.

“आई गं!” हिरीच्या तोंडून निघालं.

“पाणी बघा, निवळशंख आहे,” कमळ म्हणाली. “नदीनं माती खाल्ली असती तर इथं खाली गाळ नको होता? माती गेली कुठं?”

“मासे खातात,” कान्हा म्हणाला.

“तुझे मासे पुरे झाले आता! आपण इथं खूण ठेवू. नदीनं काठ पाडला तर खूण खाली वाळूत सापडेल. नाही सापडली तर...”

पण खूण कसली ठेवायची? हिरीनं कनवटीची पुरचुंडी सोडली. वादळाच्या दिवशी तिची जत्रेतली हिरवी काकणं फुटली होती. ते तुकडे तिनं जपून ठेवले होते. एकेक तुकडा तिनं काठाच्या मातीत खोचला. शेवटचा खोचताना तिचा हात जरा रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं परत तिथं गेली. बेटावरची माणसं तेव्हा गावात भात झोडत होती. काठ हातभर मागे सरकला होता आणि काकणांचा पत्ता नव्हता! वाळू चाळून चाळून चौघांची बोटं आखडली. एक तुकडा मिळेल तर शपथ!

“नदीनं नेली नाहीत,” जैतू हळूच म्हणाला. “माणसानं नेली.”

“पण कोण नेईल फुटकी काकणं?” हिरीनं विचारलं.

उत्तर परतीच्या वाटेवरच भेटलं, आणि तेही शिव्या देत! गावाकडच्या तीरावर मामांची वीटभट्टी लागली होती. वादळात गावातल्या शाळेची भिंत कोसळली होती. ती मामा पुन्हा बांधून देत होते. तिथला मुकादम कोंडू बोटाला चिंधी गुंडाळून थयथयाट करत होता.

“कुठल्या बयेनं मातीत काकणं फोडली, कोण जाणे! साच्यात माती दाबायला गेलो, तर बोट चिरलं!”

हिरीनं हातातलं काकण पटकन परकरात लपवलं. कान्हानं भोळा चेहरा केला. असा चेहरा त्याला छान जमायचा.

“अरेरे! फार लागलं का हो कोंडूकाका? माती चांगली दिसत नाही.”

“चांगली नाही? अरे, लोण्यासारखी माती आहे! खाचराची माती कोण देतो मला? मग शोधून काढली. पडल्या झाडाच्या बुडाची, मोकळीच होती. कोणाला विचारायला नको, कोणी हटकायला नको!”

“तुम्ही हुशारच!” कान्हा म्हणाला. “कुठं सापडली?”

कोंडूनं ऐटीत बेटाकडे हात केला.

कमळ धावतच सुटली. मामा अंगणात बसून सुपारी कातरत होते. महिपतमामांचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे. पण मामांना प्रश्न विचारायचीही कोणाची छाती नसे, आणि सगळं तिथंच नडलं होतं.

“मामा, विटांची माती कुठून येते?”

“कोंडू आणतो. मी म्हटलं, कुठूनही आण, पण शाळा लवकर उभी राहू दे. का गं?”

“ती देवीच्या राईतून येते. म्हातारा करंज आता पडेल, मामा!”

“काहीतरीच! चांगोच्या माणसांनी पाहिलं नसतं का?”

“ते सुतक पाळतात. देवीच्या मानासाठी तिकडं पाऊल टाकत नाहीत. म्हणून तर कोंडूकाकाला कोणी हटकलं नाही!”

तेवढ्यात जैतू एक कच्ची वीट छातीशी धरून आला. हिरीनं त्या विटेत चमकणारा हिरवा तुकडा दाखवला आणि शेजारी आपलं मनगट धरलं. तेच हिरवं, त्यावर तीच पिवळी रेघ.

“माझी काकणं आहेत,” ती म्हणाली. “मीच खोचली होती. काठाला.”

मामांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. ते म्हणाले, “मी पोरांसाठीच शाळा बांधत होतो, बाळा.”

“आमीबी पोरंच आहोत,” जैतू म्हणाला.

मामा उठले आणि पायात वहाणा न घालताच निघाले. चांगोही आला. राईच्या तोंडाशी म्हातारा अडखळला, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि सुतक मोडून आत गेला. खड्डा बघून त्यानं देवीच्या मातीला हात लावला.

“आमी दुःखात पाठ फिरवून बसलो,” तो म्हणाला. “आन् तुला एकटं टाकलं गो माये.”

कोंडूची मान खाली गेली. “मला वाटलं, पडल्या झाडाची माती काय, कोणाचीच नाय,” एवढंच तो बोलला. त्याला त्या दिवशी कोणी रागावलंसुद्धा नाही. रागवायला कोणाच्या अंगात त्राणच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव कामाला लागलं. हिरीच्या काकणाची ती वीट तेवढी मामांनी भट्टीत ठेवली; बाकी न भाजलेल्या सगळ्या विटा गाड्यांतून बेटावर परत आल्या. त्या खड्ड्यात रचल्या, त्यावर पाणी मारलं आणि बांबूच्या खुंट्या ठोकल्या. पोरांनी करंजाच्या शेंगा गोळा करून काठाकाठानं बी पेरलं. गाडी ओढायला ढवळ्या-पवळ्याच होते. चांगोनं म्हशाच्या जत्रेचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण म्हातारा करंज काही वाचला नाही. त्याला टेकू लावले, दोर बांधले. तरी एका सकाळी, वारा नसताना, तो सावकाश नदीत आडवा झाला. वादळात टिकलेलं झाड! आठ दिवस आधी कोणी राईत डोकावलं असतं तर? कमळला त्या विचारानं रडू आवरेना. जनाकाकीही डोंगरावरून परतली नाही. तिची जागाच उरली नव्हती.

सुट्टी संपायच्या आधी शाळेची भिंत उभी राहिली. ज्या विटा आधीच भाजून निघाल्या होत्या, त्यांची पुन्हा माती कशी होणार? त्या भिंतीत गेल्या. मामांनी सगळ्या गावासमोर चौघांना पुढं बोलावलं.

“शाब्बास रे पोरांनो! आम्ही मोठ्यांनी डोळे मिटून घेतले होते, ते तुम्ही उघडलेत. चांगो, उद्यापासून तुझ्या बेटावरचं प्रत्येक पोर या शाळेत बसेल. ही भिंत तुमच्या मातीची आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कान्हासुद्धा गप्प उभा होता, म्हणजे बघा!

हिरी मात्र तिथं नव्हती. कमळनं शोधलं तेव्हा ती आत, नव्या भिंतीजवळ उभी होती. जैतूनं आणलेल्या त्या विटेत काकणाचा तुकडा भट्टीच्या आचेनं वितळून हिरवा थेंब झाला होता. हिरीनं त्याच्यावर बोट ठेवलं. मग चपला नाहीतच पायात, तरी तिनं पाय पुसले, भिंतीला नमस्कार केला आणि तिला पाठ टेकून खाली बसली.

“आता इथंच बसायची मी,” ती म्हणाली. “रोज.”