क्षमेची ओळ कुणी काढली?

चोरीला एक ओळ गेली होती, आणि तिच्या तपासासाठी ताईला तीन जिने चढावे लागले.

"चोरानं निदान वयाचा विचार करायचा," ती म्हणाली. मागून तिची पिशवी घेऊन तिचा भाऊ चढत होता. पन्नाशी उलटली तरी घरात आणि तपासाच्या धंद्यात तो 'धाकट्या'च होता. ताई विचार करायची, तो चकित व्हायचा. अशी कामाची वाटणी होती.

वर पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नव्या भाषांतराची कचेरी होती. सचिवांनी दमलेल्या आवाजात हकीकत सांगितली. अकरा वर्षांचं काम, येत्या सोमवारी छपाई. गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत एका नव्या वाचकानं नमुन्याची प्रत वाचली, आणि शत्रूला क्षमा करण्याची ओळ आलीच नाही.

"मंडळीनं काय केलं?"

"आधी वाट पाहिली. मग खोकली."

"ओळ आधी होती, हे कशावरून?"

"आमच्या कानांनी ऐकलीय. छपाईआधी पाळकबाबा सगळं मोठ्यानं वाचतात, आम्ही डोळे मिटून ऐकतो. शास्त्र शेवटी कानानंच पोचतं ना. त्यानंतर पानं एक रात्र सरांच्या घरी होती."

सर म्हणजे जुन्या भाषांचे जाणकार, आणि पाळकबाबांचे जावई. त्यांना समितीतून काढायचा, पुस्तकावरून त्यांचं नाव खोडायचा ठराव तयार होता. मांडणारे सासरेच.

अक्षरजुळणी करणाऱ्या बाई आधी आल्या.

"सरांनी पानांत हात घातला असेल?"

"हात नाही, वाद घातला. त्याच पानावरची दुसरी एक ओळ सगळ्यात जुन्या प्रतींत नाही, तशी तळाला टीप छापा म्हणायचे. बाबांनी मोडता घातला."

"ती ओळ आता?"

"आहे की जागेवर. टीप नाही."

"तुमची जुळणी कशी चालते?"

"सकाळी मी करते. संध्याकाळी बोटं करतात. मी कुठे असते, देव जाणे."

मग सर आले. दाढी वाढलेली.

"शास्त्र माणसांनी लिहिलं, असं तुम्ही म्हणता म्हणे."

"मग कुणी लिहिलं? कुणी कोळी, कुणी कर गोळा करणारा. देव बोलला तो त्यांच्या तोंडून, त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत. त्यानं त्याचा अधिकार कमी होतो असं मला वाटत नाही. सासऱ्यांना वाटतं."

"घरी काय परिस्थिती?"

"बायको दोघांशीही बोलत नाही. निःपक्षपाती आहे."

शेवटी पाळकबाबा. जाड भिंगांचा चष्मा, पांढरीशुभ्र बंडी.

"अक्षर न् अक्षर वरून आलंय," ते म्हणाले. "माणूस नुसती लेखणी. देवाच्या हातातली लेखणी चुकत नाही."

"जावयावर आळ घेताना जड गेलं असेल."

"त्याच्या घरात माझी लेक आहे, बाई. रात्रीची झोप गेलीय माझी."

ताईनं पिशवीतून एक पान काढलं. "हा उतारा वाचून दाखवाल? काय हरवलंय ते मलाही कळू दे."

बाबांनी पान डोळ्यांशी नेलं. आवाज लागला. लागोपाठ तीन वाक्यं आली, तिन्हींचा शेवट त्याच शब्दांवर, झोक्यासारखा. मधल्या वाक्याला, शत्रूला क्षमा करण्यापाशी, आवाज कापला. धाकट्यानं नाक पुसलं.

ताईनं सगळ्यांना आत बोलावलं.

"चोर नाही," ती म्हणाली. "ओळ छापील पानावर कधी नव्हतीच."

"अहो, आम्ही ऐकली," सचिव म्हणाले.

"धाकट्यानंही ऐकली, आत्ता. पण बाबांना मी नमुन्याचंच पान दिलं होतं. ओळ नसलेलं."

बाबांनी हातातल्या पानाकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तीन वाक्यांचा शेवट सारखा," ताई म्हणाली. "बाईंची दमलेली नजर पहिल्याच्या शेवटावरून दुसऱ्याच्या शेवटावर गेली. मधलं वाक्य गळालं. बाबांना शास्त्र तोंडपाठ, त्यांनी नकळत ते भरून काढलं. आणि ऐकणाऱ्यांचे डोळे मिटलेले. ज्याला पाठ नव्हतं त्या नव्या वाचकानंच जे होतं ते वाचलं. सरांना पानात ढवळाढवळ करायची असती तर आपली टीप नसती घुसवली? तीही नाही."

जुळणीच्या बाई खाली बघत होत्या. "रागवू नका त्यांना," सर म्हणाले. "जुन्या प्रती उतरवून काढणाऱ्यांचे डोळेही असेच घसरलेत. शेकडो वर्षं."

"मग विश्वास कशावर ठेवायचा?" बाबांचा आवाज आता म्हाताऱ्याचा होता.

"कागदावरून ओळ गेली, बाबा," सर म्हणाले. "तुमच्यातून नाही गेली."

"नाही कशी? ती तोंडपाठ असताना मी तुझ्यावर आळ घेतला."

सचिवांनी ठराव दुमडून खिशात घातला. बाबांनी समासात गळलेली ओळ लिहिली. मग लेखणी जावयापुढे सरकवली.

"ती टीप. लिही."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तळाला घेतो. बारीक अक्षरात."

"बारीक नको," पाळकबाबा म्हणाले. "मला वाचता आली पाहिजे."