पडीकातला करंट

दयानंद, ती गाडी आधी आत घे. नवी कोरी हाय, बॅटरीची हाय, समदं खरं. पण आता पिन काढ अन् इथं येऊन बस. आरती, तूबी बस भावाजवळ. गोष्ट ऐकायची तर मधी मोबाईल वाजू देऊ नका, माझं डोकं फिरतं.

सरकारनं लांबच्या वस्तीवरल्या मास्तरांना ह्या गाड्या दिल्या, बेस केलं. उद्यापासून तूबी ऐटीत जाशील शाळेला. जा. पण माझी भाची अंबिका, तीबी मास्तरीणच, तिचं काय झालं ते ऐकून जा. बनवून सांगत न्हाई. दुसऱ्या दिवशी मी सोता तिथं जाऊन आलो.

अंबिका उदगीरला राहती. नवरा पुण्याला कंपनीत, घरी सासू अन् तान्हं लेकरू. शाळा मातर जिल्ह्याच्या हद्दीपल्याड, नांदेडात, मुखेडच्या अंगाला एका वस्तीवर. आधी लई बेजार व्हायची. जीप मिळाली तर मिळाली, न्हाई तर फाट्यापासून पायी. तिच्या आधीच्या बाया बदली घेऊन पळाल्या. ही बी पळणार होती. तेवढ्यात योजनेतली गाडी आली अन् हिचं सुरळीत झालं. दिवसभर शाळेतच चार्जिंगला लावायची, शाळा सुटली की घटकाभरात लेकरापाशी.

गेल्या येळवसेची, मार्गशीर्षातल्या अवसेची, गोष्ट हाय. शुक्रवार होता. आपल्या लातूरकडं त्या दिवशी समदं बंद, माणूस झाडून शेतात. नांदेडकडं सुट्टी न्हाई, म्हणून ही गेली शाळेला. शाळा सुटायच्या वक्ताला सासूचा, कस्तुराबाईचा, फोन आला.

"अंबे, लेकराचं अंग भाजून राहिलंय. दूध घेईना. आळीत एक माणूस न्हाई गं, ऑटोवाला सुदिक शेतात गेलाय. मी म्हातारी एकटी काय करू?"

अन् इकडं वस्तीवर दुपारपासून करंट न्हाई. गाडीच्या काचेवर बॅटरीच्या दोनच काड्या. वस्तीवर दुसरी गाडी बी न्हाई. करंट आता येईल, मग येईल, म्हणत बिचारी वट्ट्यावर उठबस करून राहिली. दिवस बुडाला.

मग तिनं हिशेब केला, अन् आपल्यातल्या कुणीबी तोच केला असता. आज येळवस. हद्द ओलांडली की शेतं माणसांनी भरलेली. कुठंबी कडब्याच्या कोपीपाशी थांबू, पाण्याच्या मोटारीच्या पेटीत पिन लावू, लोक वर जेवू घालतील. निघाली.

एक गोष्ट मातर विसरली. अंधार पडला की आपण काय करतो? कडब्याची पेंढी पेटवतो, शेताभोवती फिरवतो अन् घर गाठतो. त्या रात्री शेतात मागं कुणी ऱ्हात न्हाई. बापजाद्यांनी सांगितलेलं हाय, थांबायचं न्हाई.

हद्द ओलांडली. पयलं शेत लागलं. कोप उभी, माणूस न्हाई. दुसरं लागलं, तिथंबी न्हाई. जळक्या कडब्याचा वास तेवढा. लांब गावात दिवे दिसत होते, म्हणजे समदे घरी जाऊन पोचले होते. काचेवरची एक काडी गेली. मग दुसरी लुकलुकायला लागली. अंबिकाला रडू यायला लागलं. मला म्हणली, मामा, अंधाराचं भ्या न्हाई वाटलं, लेकराचं तोंड दिसत होतं सारखं.

पेट्रोलची गाडी बंद पडली की कळतं, आवाज जातो. हिला मुळात आवाजच न्हाई. हळू झाली... अन् उभी राहिली.

मोबाईल काढला. रेंज न्हाई.

गाडी ढकलत चालली. चढ होता. पाय घसरायचा, दम लागायचा. थांबली. अन् उजव्या हाताला उजेड दिसला.

कोप होती. आत दिवा. एक बाई पाठमोरी बसून पाच दगडांना चुना लावत होती.

येळवसेला पांडव म्हणून हे दगड पुजतात सकाळी. दिवस उजाडल्यावर. ही आता कशाला...

पण तिला त्या वक्ती काय सुचतंय. ती गेली जवळ.

बाई वळली न्हाई. म्हणली, "येळवस हाय माय. आंबील घेऊन जा."

"न्हाई माय, लेकरू तापलंय माझं. गाडी बंद पडली. करंट हाय का?"

हात थांबला त्या बाईचा. दगडावर तसाच.



मग चुन्यानं भरलेलं बोट केलं बाभळीकडं. बाभळीला मोटारीची पेटी. अंबिकानं डिक्कीतला चार्जर काढला, पिन लावली. लाल दिवा लागला.

"दूध घेतंय का?"

"न्हाई."

"डोळे फिरवतंय?"

"...न्हाई. अजून न्हाई."

"मग टाइम हाय."

बाईनं मागं न बघता आंबिलीचा मोगा, मातीचं मडकं, सरकवला. येळवसेला कुणी बोलावलं तर चव घेतल्याबिगर जायचं नसतं, तेवढं हिला आठवलं. घोटभर प्याली. दात बधिर झाले. आंबील गार असती, पण इतकी गार...

मोगा खाली ठेवला अन् पाहती तर चार्जरचा दिवा हिरवा.

तास तास लागतात रे त्याला. दयानंद, तुला ठावं हाय.

काचेवर काड्या भरलेल्या. समद्या.

तिनं आभार बी मानले न्हाईत. चार्जर तिथंच ऱ्हायला. किल्ली फिरवली. गाडीवर बसली.

अन् गाडी दबली.

मागून. कुणी बसल्यावर दबती तशी.

तिनं मागं पाहिलं न्हाई.

गाडी निघाली. मागं ओल्या चुन्याचा वास. खड्डा आला की मागचं वजन हलायचं... एकदा खांद्याला गार लागलं. हिनं डोळे रस्त्यावरून काढले न्हाईत. नुसतं म्हणत ऱ्हायली, लेकराकडं चाललेय माय, लेकराकडं चाललेय.

उदगीरचे दिवे आले. वजन उतरलं न्हाई. रेल्वे फाटक गेलं. न्हाई. आळी आली. न्हाई.

दारात गाडी लावली.

तेव्हा उतरलं. गाडी वर आली.

घाईत हेल्मेटचा पट्टा अडकला, निघंना. त्यात थोडा वेळ गेला. आत पळाली तर झोळी हलत होती, अन् सासू लांब चुलीपाशी पाण्याच्या पट्ट्या पिळत होती. लेकराला दरदरून घाम सुटलेला. अंग गार. कपाळावर चुन्याचं एक बोट ओढलेलं. म्हातारीनं काही उतारा केला असंल, म्हणून हिनं विचारलं न्हाई. पदराखाली घेतलं. प्यालं. मग दोघी सासूसुना तिथंच बसून रडल्या.

सकाळी मला फोन. मामा, चार्जर ऱ्हायलाय, चला. गेलो.

पडीक होतं. कमरेएवढं गवत. कोप न्हाई, दगड न्हाई, राख न्हाई. बाभळीला पेटी होती, गंजलेली, आत एक वायर न्हाई. रस्त्यावरून खांबच गेलेला न्हाई तिकडं. अन् त्या पेटीत, दयानंद, आपला चार्जर. पिन लावलेली.

शेळ्या घेऊन एक म्हातारा आला, हनुमंत म्हणून. त्याला विचारलं, कुणाचं रान हाय. म्हणला, नागम्माचं. माझ्या तरणेपणातली गोष्ट. येळवसेलाच तिचं लेकरू तापलं. लोक आपापल्या शेतात. लेकरू घेऊन ती ह्याच रस्त्यावर उभी ऱ्हायली, दिवसभर, रात्रभर. एक गाडी आली न्हाई. लेकरू हातातच गेलं. मग तीबी टिकली न्हाई.

अंबिका चार्जर पोटाशी धरून उभी.

घरी आलो तर उन्हं पार डोक्यावर. लेकरू अंगणात गोधडीवर खेळत होतं. अंबिका सासूला म्हणली, "आत्या, तो चुना पुसा आता. कातडी उतंल त्याची."

म्हातारी बघत ऱ्हायली. म्हणली, "मी कुठं लावला? मला वाटलं, तूच शेतातून आणून लावलास..."



मी लेकराला मांडीवर घेतलं. कपाळाला बोट लावलं.

ओला होता.