पोफळीचा वाचक

उर्वीचं लग्न झालं ते साल २००७. वैशाखातलं लग्न, मांडवात भाड्याचे पंखे आणि नेमकी वीज गेलेली. धाकटीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि थोरली सुमेधा अजून बिनलग्नाची, त्यामुळे जी ती बाई पदराने वारा घेत तिला एकच गोष्ट विचारायची. शेवटी चिमाआत्याने तिला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं आणि पिशवीतून तीन वह्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या.

"ह्या वाच गो बाय. तेवढा वेळ तुला कोण काय विचारायचं नाय."

चिमाआत्या म्हणजे सुमेधाच्या वडिलांची थोरली बहीण. साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती अक्षरं शिकली होती. वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या. गावची नदी, पुरात अडकलेलं वऱ्हाड, मुंबईला गोदीत कामाला असलेला नवरा आणि त्याची यायची पत्रं. सुमेधा पडवीत बसून वाचत राहिली. जेवणाच्या पंगती उठल्या तरी तिला पत्ता नव्हता.

सुमेधा रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात कामाला होती. दुकानात इंटरनेट होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती आत्याची पानं टाइप करायला लागली आणि तिने एक ब्लॉग काढला, 'चिमाची वही'. आत्या त्यांच्याकडेच राहायची. रोज संध्याकाळी सुमेधा चपला काढते न काढते तोच तिचा प्रश्न यायचा, "वाचलं का कोणी?"

कोणीच वाचत नव्हतं. महिनाभराने आत्याने पेन्सिल डब्यात टाकली आणि झाकण लावलं. "ऐकणारा नाय तर सांगायचं कोणाला? राहू दे."

त्या दिवशी सुमेधाने एक वाचक तयार केला. त्याला सलिल हे नाव दिलं, कारण ते तिला आवडायचं. आणि गाव दिलं पोफळी, कारण तिथे ओळखीचं कोणीच नव्हतं. सलिल लिहायचा, वा आजी, फारच छान. सुमेधा ते मोठ्या टायपात छापून घरी न्यायची. आत्या अक्षरांखाली बोट फिरवत वाचायची. पेन्सिल पुन्हा डब्याबाहेर आली.

श्रावणात एका दुपारी, भारनियमनाची वीज जायला दहा मिनिटं असताना, खरीखुरी प्रतिक्रिया आली. सुमेधाने मंजूर केल्याशिवाय ती ब्लॉगवर दिसणार नव्हती, एवढं नशीब.

"आजी, भातलावणी तुम्ही भाद्रपदात कशी लिहिलीत? आमच्याकडे लावणी आषाढात उरकते, भाद्रपदात भात पोटरीला येतं, कणसं धरायच्या बेतात असतं. बाकी वाचून आईची आठवण झाली. आणखी एक. मी पोफळीच्या कॉलनीतच जन्मलो, इथेच पॉवरहाऊसमध्ये नोकरीला आहे. आमच्यात सलिल नावाचं कोणी नाही. एक होता, तो चौथीत असताना त्याच्या वडिलांची बदली झाली. ओमकार."

प्रतिक्रियेसोबत आलेल्या पत्त्यावर सुमेधाने घाईघाईने मेल लिहिली. "तोच सलिल असेल."

उत्तर लगेच आलं. "तो तेव्हाही वाचत नसे."

तिला हसू आलं... आणि तेवढ्यात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सगळं खरं लिहून टाकलं. आत्याला कळलं तर ती वही कायमची मिटेल, हेही लिहिलं. "तुमचं लिहिलेलं मी सलिलच्या नावाने तिला दाखवलं तर चालेल का?"

"चालेल. पण मला 'फारच छान' लिहिता येत नाही. मी प्रश्न विचारणार."

"विचारा. वीज असेल तेव्हा उत्तर मिळेल. तुम्ही तिकडे वीज बनवता आणि आम्ही इकडे रोज तीन तास घाम पुसतो."

"सुमेधाताई, वीज इथून निघते. वाटेत कोण खातं ते मला विचारू नका."

"ताई म्हणायची गरज नाही."

पुढच्या मेलमधून ताई गेली. सुमेधाने ती मेल दोनदा वाचली. मग छापली. छापायचं काहीच कारण नव्हतं.

संध्याकाळी तिने आत्याला सांगितलं, "सलिल म्हणतो, लावणी चुकीच्या महिन्यात पडलीय."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "असं म्हणतो? मग दुरुस्त कर." आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिली.

ओमकार विचारायचा आणि आत्या उत्तर द्यायला बसायची. होडीवाल्याचं पुढे काय झालं? वऱ्हाडाने तीन दिवस खाल्लं काय? एकदा त्याने विचारलं, "आजोबांची पत्रं येत होती, तुम्ही उलट काय लिहून पाठवत होतात?"

ह्या प्रश्नाला आत्याने तीन आठवडे घेतले. मग एक पान दिलं. सुमेधा दुकानात ते टाइप करत होती.

"माझी पत्रं धोंडू पोस्टमन लिहायचा. ओसरीवर बसून, चार माणसांत. त्याच्यापुढे मी काय सांगणार? आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी. तेवीस वर्षं एवढंच गेलं. तुम्हाला बघावंसं वाटतं, हे एकदाही गेलं नाही. ते वारल्यावर मी अक्षरं शिकले."

सुमेधाची बोटं थांबली. काउंटरवरचं गिऱ्हाईक दोनदा खाकरलं तरी तिने वर पाहिलं नाही.

ते पान ब्लॉगवर गेलं आणि कुठून कुठून माणसं लिहायला लागली. पण आत्याचं वेगळंच. "त्या पोफळीच्या सलिलला जेवायला बोलाव. वाचणारा माणूस एकदा डोळ्यांनी बघायचाय."

"तो... तो लांब असतो, आत्या."

"एसटी जाते की पोफळीला."

ओमकार यायला तयार झाला. "ओळखणार कसं?" तिने विचारलं.

"स्टँडवर जो सर्वांत गोंधळलेला दिसेल, तो सलिल."

आश्विनातला रविवार होता. परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि स्टँडवर जागोजागी डबकी साचली होती. चिपळूणच्या गाडीतून एक उंच तरुण उतरला, तो नेमका डबक्यात. पँट घोट्यापर्यंत भिजली. त्याने आजूबाजूला पाहिलं, सुमेधाने हसू दाबलं, आणि तिथेच ओळख पटली.

"हे काही ठरवून केलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. ठरवून इतकं चांगलं जमत नाही."

त्याच्या काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा होता. आत्याचं एकूण एक पान, समासात पेन्सिलीच्या खुणा. रिक्षात दोघांच्या मध्ये तो गठ्ठा होता. वळणावर तो घसरला आणि दोघांनी एकदमच धरला. घर येईपर्यंत कोणीच हात काढला नाही.

आत्याने पाट मांडला, गरम भातावर कुळथाचं पिठलं वाढलं. मग समोर बसून म्हणाली, "हां. आता तुझं खरं नाव सांग."

ओमकारचा घास हातातच राहिला.

"ओमकार," तो म्हणाला.

"नाव बरं हाय. अरे, पहिला सलिल नुसता गोड बोलायचा. मला संशय आला, म्हणून मी लावणी मुद्दाम भाद्रपदात घातली. तरी तो म्हणतो फारच छान. टाइप करणारीच्याही ध्यानात नाय आलं. मग एक दिवस चूक काढणारा आला. तेव्हा कळलं, आता कोणीतरी खरोखर वाचतंय."

"मग बोलली का नाहीस?" सुमेधाने विचारलं.

"तू माझ्यासाठी एवढा खटाटोप केलास, तो मोडायचा होय? आणि पहिल्या सलिलचे कागद कोरे करकरीत यायचे. ह्याच्या कागदांना माझ्या हातात येईपर्यंत चार-चार घड्या पडलेल्या असायच्या."

सुमेधा पाणी आणायला म्हणून उठली. तांब्या भरलेलाच होता.

परतताना स्टँडवर बारीक झिमझिम सुरू झाली. छत्री एकच होती.

"आता सलिलचं काय करायचं?" ओमकारने विचारलं.

"वडिलांची बदली झाली म्हणून सांगू."

"आणि ओमकारचं?"

ओठांवर आलं होतं... पण कंडक्टरने घंटी मारली. "पोचलात की खुशाली कळवा," एवढंच ती म्हणाली. गाडी वळणाआड गेली आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. धोंडू पोस्टमनचंच वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तिने आत्याचं ते पान काढलं. खाली पन्नासेक माणसांनी लिहिलं होतं. त्या सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं तिने लिहिलं, "ओमकार, तुला पुन्हा बघावंसं वाटतं. सुमेधा." आणि मंजुरीचं बटण तिने स्वतःच दाबलं.

दुपारी वीज आल्यावर उत्तर दिसलं. "रविवारी येतो. आईला घेऊन. डबकं असेल तिथे उतरणार नाही."

संध्याकाळी आत्याने त्या उत्तराचा छापलेला कागद मागून घेतला, बोट फिरवत वाचला आणि वहीत ठेवला.

लग्न पुढच्या वर्षी मार्गशीर्षात झालं. आत्याने त्यावर चौथी वही लिहिली आणि ओमकारने तिच्यातल्या दोन चुका काढल्या. चिमाआत्या २००९ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला सकाळी वारली. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती.