श्वासाचा बांबू

सकाळी उठले की मी आधी वाफेच्या चुलीवर अंडी आणि रताळी चढवते, मग अंगण झाडते. जपानातलं आमचं बेप्पू गरम झऱ्यांचं गाव, इथे कान्नावा भागात गटारांतूनही वाफ येते, त्यामुळे तिचं कौतुक कोणाला नसतं. घरातल्या चार खोल्या मी पाहुण्यांना भाड्यानं देते. सांधे धरलेले म्हातारे येतात, गल्लीतल्या न्हाणीघरात अंग शेकतात आणि माझ्या रताळ्यांना नावं ठेवतात.

अंगणाच्या कोपऱ्यात आईचा झरा होता. आई गेली तेव्हा त्यात जेमतेम पाणी उरलं होतं. घर, जागा सगळं कात्सुहिकोदादाच्या नावावर. तो खाली समुद्राकडे राहतो. त्याला झरा बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती.

आमच्याकडे झरा तसाच बुजवत नाहीत. आतल्या गाठी फोडून आरपार पोकळ केलेला लांब बांबू तळापर्यंत सोडतात, मग माती लोटतात. खाली जे कोणी असेल त्याला श्वास घेता यावा म्हणून. आई दम्याची होती. श्वास सोडताना शेवटी तिच्या छातीतून बारीक शीळ निघायची. दादाचा हात धरून तिनं एवढंच मागितलं होतं, "माझं पाणी बुजव बाबा, पण त्याला गुदमरवू नकोस." दादानं माझ्यासमोर शब्द दिला.

झरा बुजवला त्या दिवशी मी पित्ताच्या खड्यांसाठी ओइताच्या इस्पितळात होते. दादाचा फोन आला.

"झालं बघ, मित्सु. बांबू मी स्वतःच्या हातानं सोडलाय. पुजाऱ्यानं झऱ्यावर साके दारूही ओतली. आता निवांत झोप."

घरी आले तर कोपऱ्यात गुळगुळीत सिमेंट, आणि मधोमध वीतभर बांबू वर आलेला. मी त्याच्या तोंडावर तळवा धरला. ऊबदार, ओलसर हवा लागली. मला रडूच आलं. जन्मभर थापा मारणारा माझा भाऊ एकदा तरी शब्दाला जागला होता.

मी भाबडी नाही. इथली जमीनच तापलेली, तेव्हा नळीतून गरम हवा येणारच. पण हळूहळू लक्षात आलं की ती नुसती बाहेर येत नाही, आतही जाते. एकदा बांबूच्या तोंडावर पडलेलं पान आत ओढलं जाऊन तिथेच चिकटलं, मग उडालं. पावसाळा लागला तशी तिला शीळ यायला लागली. श्वास सुटताना, अगदी शेवटी.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला सोबत वाटायची. झाडू बाजूला ठेवून मी तिथे बसायचे आणि आईला पाहुण्यांच्या चहाड्या सांगायचे.

शेजारच्या हात्सुआजी मात्र कुंपणापलीकडून बघत राहायच्या.

"दादा तुझा इथे गाडी का लावत नाही गं? एवढी जागा केली, अन् रस्त्यावरच उभा असतो."

"त्याला उन्हात उभं राहायचं वेड आहे, आजी."

"असेल बाई. पण गेल्या खेपेला त्याच्या छातीत काहीतरी वाजत होतं. औषध घे म्हणावं."

झरा बुजवून वर्ष होत आलं तेव्हा, ऐन जुलैत, दादानं डांबर टाकायला माणसं पाठवली. त्यांच्या मुकादमानं वाकून बांबू धरला आणि मुळा उपटावा तसा उपटला.

हातभर लांब होता. खालचं टोक कोरडं. तिथली गाठ फोडलेलीच नव्हती. त्याच्या जागी सिमेंटमध्ये वीतभर खळगा आणि खळग्याचा तळ बंद.

मी तो बांबू हातात घेऊन दादाची वाट बघत उभी राहिले. दुपारी तो आला.

"हे काय आहे, दादा?"

त्यानं बघितलं आणि चक्क हसला. "अगं, खाली सोडायचा म्हणजे यंत्र आणा, माणसं आणा. तू तिकडे आजारी. तुझं समाधान व्हावं म्हणून खोचला वर."

"पुजारी?"

"कुठला पुजारी घेऊन बसलीस!"

"आईला शब्द दिला होतास तू."

"आई गेली, मित्सु. मेलेल्या माणसाला कसला आलाय श्वास?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं. वर्षभर मी एका खुंटीशी बोलत होते, आणि हा ते रस्त्यावरून बघत होता.

"पण तो श्वास घेत होता," मी म्हटलं. "मी रोज हात धरायचे."

"यातून?" त्यानं बांबू माझ्याकडून घेतला, तोंडाला लावला आणि गाल फुगवून फुंकला. हवा जाईना. "बघ. मुंगीसुद्धा जायची नाही."

तो पुन्हा हसला. हसू संपताना शीळ वाजली.

बांबू त्याच्या तोंडाजवळ नव्हता.

ऊन मी म्हणत होतं. तरी त्याच्या ओठांतून वाफ निघत होती, पांढरी, चुलीवरचं झाकण काढल्यावर निघते तशी. त्याला दिसत नव्हती.

"काय बघतेस?"

"काही नाही, दादा."

"मिटलं ना मग सगळं?"

"मिटलं."

बांबू माझ्या हातात देऊन तो रस्त्यावरच्या गाडीत जाऊन बसला. दार लावलं. चारही काचा आतून एकदम धुरकट झाल्या.

आतून हातानं काच पुसली गेली. लगेच पुन्हा धुरकटली. पुन्हा पुसली.

दार उघडायला मला नुसतं अंगण ओलांडायचं होतं. मी ओलांडलं नाही.

मी बांबूच्या तोंडावर तळवा ठेवला. गार होता.

काच पुसणारा हात थांबला.