आंधळ्या खिंडीतली टणटण

आम्ही निघालो होतो लायनफिश मारायला. नुसते मारायला नाही, सगळ्यात जास्त मारायला! आमच्या हॉपकिन्स गावच्या किनाऱ्यावर वर्षातून एकदा स्पर्धा असते. तीन दिवसांत ज्या होडीचे लायनफिश काट्यावर सगळ्यात जड भरतील, त्या होडीला नवंकोरं इंजिन. आणि आमच्या जुन्या इंजिनाच्या तर नाकाशी सूत धरायची वेळ आली होती. ऑर्विन मामानं निघतानाच सांगून टाकलं, "डेल्मी, इंजिन मिळालं तर ठीक. नाही तर होडी विकायची. मी जाईन संत्र्याच्या बागेत मजुरीला, आणि तू हॉटेलात टेबलं पूस."

"मी टेबलं पुसू? गिऱ्हाइकाच्या डोक्यात ताट घालीन!"

"म्हणून तर म्हणतोय, इंजिन जिंक."

लायनफिश म्हणजे आमच्या समुद्रात घुसलेला उपरा. दिसायला नवरीसारखा नटलेला, अंगभर पट्टे, पाठीवर विषारी काटे. इथं त्याला खाणारं कोणी नाही, आणि तो मात्र दिसेल ते पिल्लू गिळतो. म्हणून आम्ही पाहुणे घेऊन जातो ते शिकारीला. पाण्याखालची परीक्षा पास झालेलेच घ्यायचे, तेही मोजकेच. नांगर टाकायचा नाही, प्रवाळाला बोट लावायचं नाही, आणि मारायचा तो फक्त लायनफिश.

या वेळी पाहुणे दोन होते. एक मेरिडाचे दातांचे डॉक्टर, एव्हारिस्तो. पोट सुटलेलं, पण पाण्यात माशासारखे. दुसऱ्या ग्वेन मॅडम, कॅनडात चाळीस वर्षं शाळेत शिकवून आलेल्या. पहिल्याच दिवशी होडीत त्यांनी मला धरलं.

"डेल्मी, तू शाळा का सोडलीस?"

"मी नाही सोडली. गणिताच्या सरांना डस्टर मारलं, मग शाळेनंच मला सोडलं."

"लागलं का त्यांना?"

"माझा नेम चुकत नाही."

मॅडम हसल्या नाहीत. "मग भाला तुझ्याच हातात असू दे," एवढंच म्हणाल्या. मला त्या आवडल्या. पण हे मी कोणाला सांगणार नव्हते.

पाण्यात शिरायच्या आधी मी दोघांना नेहमीचे नियम सांगितले. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या मनगटाला एक पोलादी सळई असते. पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ती वाजवली की टण टण टण असा आवाज होतो. म्हणजे, इकडे या! प्रवाळांच्या कड्यातल्या खिंडीच्या तोंडाशी वरचा प्रवाह माणसाला उघड्या समुद्रात ओढून नेतो, म्हणून चुकलात तर एकटं वर यायचं नाही. प्रवाळाच्या भिंतीशी थांबायचं आणि टाकी वाजवायची. "मी येईपर्यंत वाजवत राहा," मी म्हणाले.

"तू येईपर्यंत," मॅडम म्हणाल्या. वहीत लिहून घेतल्यासारखं.

आणखी एक रीत होती आमची. लायनफिश भाल्यावर आला की टाकी वाजवायची, पाहुणे गोळा करायचे, आणि तो मासा भाल्यावरच धरून शार्कला भरवायचा. किनाऱ्यावरचे सगळे वाटाडे असंच करायचे. शार्कच्या जिभेला चव लागली तर उद्या ते स्वतःच या उपऱ्याची शिकार करतील, असा आमचा हिशेब. पाहुणे खूश, फोटो झकास. केनरॉय नावाचा आमचा एक हरीफ वाटाड्या तर शार्कच्या नाकावर चापट मारून दाखवायचा.

पहिले दोन दिवस वाऱ्यानं खाल्ले. समुद्र असा उसळत होता की आम्ही वाळूच्या बेटावर तंबूत बसून नारळाच्या दुधातला मासा आणि कुटलेली केळी खात राहिलो. बर्फाच्या पेटीत चार किडुकमिडुक लायनफिश. त्यातल्या एकाचं पोट डॉक्टरांनी चाकूनं उघडलं. आत पिल्लंच पिल्लं! पोपटमाशाची, खेकड्याची, बोटाच्या पेरापेक्षा लहान. डॉक्टर मोजायला लागले, आणि मध्येच थांबले.

"एकाच्या पोटात एवढी?" मॅडम वाकून बघत म्हणाल्या.

"हा सकाळचा नाश्ता आहे, मॅडम," मी म्हणाले. "जेवण अजून व्हायचं होतं."

तिसऱ्या दिवशी वारा पडला. संध्याकाळी वजनं होणार होती. मामानं होडी थेट आंधळ्या खिंडीवर नेली. प्रवाळांच्या कड्यात तिथं एक फट आहे. भरतीला पाणी काचेसारखं असतं. पण ओहोटी लागली की आतल्या तळ्याचं सगळं पांढरं पाणी त्या फटीतून बाहेर ओततं. तेव्हा स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. म्हणून तिथं कोणी जात नाही. म्हणूनच तिथं लायनफिश असणार!

"ओहोटी लागायच्या आत वर," मामा म्हणाला. "ऐकलंस ना, डेल्मे? नाही तर मीच खाली येऊन कान धरीन."

"तुला पोहता तरी येतं का धड?"

"कान धरायला येतं."

आम्ही उतरलो. साठ फुटांवर भिंतीत एक कपार होती. मी आत दिव्याचा झोत टाकला, आणि तोंडातली नळी निसटता निसटता राहिली.

लायनफिश! छताला उलटे लटकलेले, जमिनीवर पसरलेले, एकमेकांच्या काट्यात काटे अडकवून बसलेले. हलतसुद्धा नव्हते. आम्ही मारत सुटलो. मी भोसकायची आणि डॉक्टर डब्यात ढकलायचे. आमचा डबा म्हणजे जाड प्लॅस्टिकचा लांब नळा, एका बाजूनं मासा आत जातो, बाहेर येत नाही. मॅडम बाहेर राहून कडेचे टिपत होत्या. डबा भरत आला. मला त्यात मासे दिसत नव्हते, चकचकीत काळं इंजिन दिसत होतं. आणखी एक! डॉक्टर बोट वर करायचे, आणखी एक!

मी मागे वळले, आणि समुद्र नव्हता.

नुसतं दूध! ओहोटी लागली होती. पांढरं पाणी भिंतीवरून लोटत येत होतं. डॉक्टरांचा पट्टा मी झटकन पकडला. मॅडम? दिवा फिरवला. पांढरं. परत फिरवला. पांढरं! आत्ता इथं होती ना बाई? हाताच्या अंतरावर होती!

मी सळई काढली. टण टण टण! थांबले. परत टण टण टण!

दुधातून एक सावली आली. मला इतकं हायसं वाटलं की मी हात पुढे केला.

शार्क होता.

माझ्या पंज्यापासून वीतभर अंतरावरून गेला. मागून दुसरा. मग तिसरा, चौथा! माझ्याहून लांब. मी शेकडो वेळा शार्क पाहिलेत, घाबरत नाही. पण हे फिरत नव्हते, हे थेट माझ्या हाताकडे येत होते. एकानं भाल्याचं टोक नाकानं ढोसलं. भाला रिकामा होता. त्यानं परत ढोसलं, जोरात. जेवायला बोलावून ताट न वाढल्यासारखं!

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं.

टण टण टण. यांना आम्ही शिकवलं होतं. शिकार करायला नाही! आम्ही शिकवलं होतं की ही घंटा वाजली, की माणसाच्या हातात खाणं असतं. इतकी वर्षं!

माझी सळई हातातल्या हातात थिजली. आता मॅडमना बोलावू कशी?

तेवढ्यात आवाज आला. टण... टण... टण. बारीक, पण स्पष्ट. मॅडम! जिवंत होत्या! पण कुठं? पाण्यात आवाज चारी बाजूंनी एकदम येतो. डावीकडून, उजवीकडून, कवटीच्या आतून. मी गोल फिरले. कळेना. काहीच कळेना!

शार्कना मात्र कळलं.

सगळे एकदम वळले. एक शेपटी इकडे नाही, एक तिकडे नाही. सगळे एकाच दिशेला, भिंत उजवीकडे ठेवून, सुसाट! ते मॅडमकडे चालले होते. माझ्या आधी पोचणार होते. आणि मॅडमपर्यंतचा रस्ता त्यांनीच मला दाखवला होता!

डॉक्टरांना ओढत मी पाय मारायला लागले. काही दिसत नव्हतं. एक शेपटी दिसायची, नाहीशी व्हायची, त्या शेपटीमागे जायचं. टण टण टण! वाजवू नका, मॅडम! मी नळीत ओरडत होते, नुसते बुडबुडे. वाजवू नका! टण टण टण! पण मीच सांगितलं होतं ना. मी येईपर्यंत. आणि ही बाई सांगितलेलं काम अर्धं टाकणारी नव्हती.

पांढरं पाणी एका जागी जरा विरळ झालं, आणि दिसलं.

ग्वेन मॅडम भिंतीशी उभ्या तरंगत होत्या. चहूबाजूंनी शार्क. आम्ही ज्यांच्यामागे आलो तेवढेच नाहीत, त्याहून कितीतरी जास्त! मॅडम डोळे गच्च मिटून टाकी वाजवत होत्या. आणि तशातही त्यांनी प्रवाळाला पाठ टेकवली नव्हती. वीतभर अंतर राखून होत्या! मला रडू आलं की राग, सांगता येणार नाही.

एक शार्क खालून उसळला. मॅडमचा उजवा पाय हिसडला. दुसरा हिसडा! पायातला रबरी पंखा शार्कच्या तोंडात, आणि मॅडम भिंतीपासून ओढल्या जात होत्या. तरी टण टण टण!

मी झेप घेतली. एका हातानं सळईसकट त्यांची मूठ आवळली. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि सुटायला धडपडल्या. वाजवायचं थांबवतेय म्हणजे मला वेड लागलंय असं वाटलं असणार. मी मूठ सोडली नाही. मान हलवली. नाही! नाही! पंखा फाटला, पाय सुटला.

टणटण थांबली, पण शार्क थांबले नाहीत. आता त्यांना वास लागला होता. डॉक्टरांच्या कमरेला आमचा डबा होता, त्याच्या भोकांतून खोल पाण्यात हिरवट काळं दिसणारं रक्त झिरपत होतं. एकानं डब्याला धडक दिली. डॉक्टर गरकन फिरले.

त्या डब्यात आमचं इंजिन होतं. मामाची होडी होती. माझं सगळं आयुष्य त्या नळ्यात कोंबलेलं होतं, आणि सांगते, एक श्वासभर मी खरंच थांबले. चाकू डब्याच्या पट्ट्यावर ठेवला, आणि थांबले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही माहीत होतं.

सपकन पट्टा कापला. झाकण उपटलं. डबा उलटा करून भिंतीपलीकडच्या काळोखात लोटून दिला.

लायनफिश गळत गेले, लग्नातल्या अक्षतांसारखे. आणि शार्क त्यांच्यामागे खाली, खाली, खाली. क्षणभरानं तिथं कोणीच नव्हतं.

आम्ही तिघं एकमेकांच्या पट्ट्याला धरून वर निघालो. वरच्या थरात नेहमीसारखं थांबावंच लागतं, नाही तर रक्तात बुडबुडे होतात. ते थांबणं माझ्या जन्मात विसरणार नाही. होडीला दिसावा म्हणून मी लाल फुगा वर सोडला आणि आम्ही प्रवाहात वाहत राहिलो. डॉक्टरांच्या पट्ट्याचं लोखंडी हूक टाकीवर हळूच आपटत होतं. टिक. टिक. मी ते मुठीत आवळून धरलं. कोणी हललं नाही.

मामानं फुगा पाहिला होता. एकेकाला काखेत हात घालून ओढून घेतलं. मॅडम होडीच्या तळाशी बसल्या. ओठ निळे, पण आवाज शाळेतलाच.

"डेल्मी, मी सारखी वाजवत होते. तुला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं, मॅडम."

"मग?"

"त्यांनाही येत होतं."

मॅडमनी मनगटाची सळई सोडली आणि आपल्यापासून लांब, होडीच्या टोकाला ठेवली. एखादा विंचू ठेवावा तशी.

मामानं डब्याबद्दल विचारलं नाही. डॉक्टरांची रिकामी कमर त्यालाही दिसत होती. गाव दिसायला लागल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं. मामा म्हणाला, "वल्ही घ्या." सगळ्यांनी घेतली, डॉक्टरांनीसुद्धा.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ढोल वाजत होते, तळणीचा वास सुटला होता, आणि नवीन इंजिनावर केनरॉय पाय टाकून बसला होता. मामानं आमचे चार मासे काट्यावर ठेवले. हशा पिकला.

"अरे, हे आमिष आहे की शिकार?" केनरॉय ओरडला. "डेल्मे, हॉटेलात एप्रन शिवून ठेवलाय तुझा!"

मी त्याच्या अंगावर धावले असते. पण ग्वेन मॅडम लंगडत पुढे आल्या आणि आपला पंखा माशांवर ठेवला. अर्धा पंखा. उरलेल्या कडेवर दातांची कमान, करवतीनं कापावी तशी.

काटा हललासुद्धा नाही. हसणं मात्र थांबलं.

मग मी सांगितलं. सगळं. मी टाकी वाजवली, कोण आलं. मॅडमनी वाजवली, कोण गेलं. आवाज माझाच, पण फाटलेला. ढोल केव्हा थांबले कळलंच नाही. सगळे वाटाडे उभे होते. त्यातल्या प्रत्येकानं भाल्यावरून शार्कला भरवलं होतं, आणि आता प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या आजवरच्या बुड्या आठवत होता.

केनरॉय इंजिनावरून उठला.

"उद्या सकाळी माझे सहा पाहुणे आहेत पाण्यात," तो म्हणाला. "त्यातलं कोणी चुकलं, तर मी त्याला बोलवू कसं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे पाहिलं. मग मनगटाची सळई सोडून काट्यावर त्या अर्ध्या पंख्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हिनं तरी नाही."